तिळगुळाच्या फोटोतली सुनंदा

सुनंदा,

हार घातलेला तुझा फोटो पाहिला आणि रडू यायच्या आधी मनात आलं, हा फोटो चुकीचा निवडला. तुझ्या घरच्यांना ते माहीत असायचं कारण नाही. माझ्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तो फोटो. मूळ फोटोत आपण दोघी होतो आणि आपल्यापुढे आपली दोन मुलं. फोटोवाल्याने तुला तेवढं कापून मोठं केलं, पण तुझ्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहून गेली आहेत. ती माझी आहेत. तेरवीला आलेल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मी मात्र पंगत उठेपर्यंत तिकडेच पाहत होते.

तू तो फोटो तुझ्या फोनमधून काढून टाकला होतास आणि मलाही काढायला लावला होतास. तरी कुणाच्या तरी फोनमध्ये तो राहिलाच.

कुहीच्या धानाच्या बांधावरून तू नागपूरला शिकायला कशी आलीस, बियाण्यांच्या कंपनीत कुठवर चढलीस, हे तुझ्या ऑफिसच्या लोकांनी शोकसभेत सांगितलं. मी ते परत लिहीत नाही. मला तुला फक्त एक निरोप द्यायचा आहे. तुझ्या तेजसने तो माझ्यापर्यंत पोचवला आहे, तुला देण्यासाठी. पण आधीचं सगळं क्रमाने आल्याशिवाय मला पुढचं सांगता येत नाही, हे तुला माहीत आहे. "तू बोलते का ऑडिट करते वं?" असं तू म्हणायचीस. करते ऑडिट. ऐकून घे.

तुझ्या मनीषनगरच्या घरी मी पहिल्यांदा आले ती भांडायला. माझा मिहीर तेव्हा पाचवीत होता आणि तुझा तेजस आठवीत. शाळा एक, व्हॅनही एक. मिहीर बोलताना अडखळतो. त्यातही जोडाक्षराने सुरू होणारा शब्द आला की त्याचे ओठ तिथेच थांबतात. त्या दिवसांत तो रोज पंधरा-वीस मिनिटं उशिरा घरी यायला लागला होता. मी घड्याळ पाहणारी बाई. व्हॅनवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, तुमचा पोट्टा तर आधीच्या चौकातच उतरून राहिला ना. मले वाटलं तुम्हीच सांगितलं असन." तिथून तो दप्तर पाठीवर घेऊन प्रताप नगरपर्यंत पायी येत होता. का, हे त्याच्याकडून काढून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

व्हॅनमध्ये त्याचं नाव ‘बफरिंग’ पडलं होतं. तो बोलायला लागला की मागच्या सीटवरची मुलं हवेत बोट गोल गोल फिरवायची. आमचा थांबा आला की दाराची कडी धरून त्याला विचारायची, "कुठं उतरायचं? म्हणून दाखव." ‘प्रताप नगर’ एका दमात म्हटलं तरच कडी सुटायची. काकांना पुढे बसून वाटायचं, हा मुलगाच उतरायला वेळ लावतो. ते त्यालाच ओरडायचे. स्वतःच्या घराचा पत्ता त्याला परीक्षेसारखा द्यावा लागत होता, म्हणून त्याने आधीच उतरून चालत यायचं ठरवलं होतं. कडीवरचा हात तेजसचा असायचा.

हे सगळं मी तुझ्या दारात उभं राहून सांगितलं. तू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतीस. घड्या घालत घालतच ऐकलंस आणि मग विचारलंस, "व्हॅनमधी आणखी कोण कोण राहते, ताई?"

"ते कशाला? तुमच्या मुलाला बोलवा."

"तो आत आहे. नाही बोलावत."

"का नाही?"

"तुमच्यासमोर झापलं तर तो तुमच्यासाठी ऐकन. तुम्ही पायऱ्या उतरल्या की विसरन."

मी निघाले. तर तू म्हणालीस, "चहा घेऊन जा. भांडण अर्धंच झालं आहे." मला ते उर्मट वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आईच अशी असेल तर पोराकडून काय अपेक्षा करायची.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "तेजसले विचारलं. हाव म्हणे. सगळं खरं आहे. तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा थोडं जास्तच आहे." आणि जे जास्त होतं तेही तू सांगितलंस. मिहीरच्या डब्यातलं काय काय मागच्या सीटवर जायचं ते. आपल्या पोराविरुद्ध इतकं सरळ बोलणारी आई मी तोवर पाहिली नव्हती. मी तुझ्या जागी असते तर आधी "माझा मुलगा असा नाही" म्हटलं असतं, याची मला खात्री आहे. आपली मैत्री त्या फोनपासून धरायची, असं मी धरते. तू चहापासून धरायचीस.

मग संक्रांत आली आणि आपण दोघींनी मिळून तो प्रकार केला. कल्पना कुणाची होती यावर आपलं कधी एकमत झालं नाही. माझ्या मते दोघींची. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. व्हॅनमधल्या बाकीच्या आयाही आल्या होत्या. सगळ्यांसमोर तेजसने मिहीरच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोलायचं वचन मोठ्याने म्हटलं, मिहीरने तो खाल्ला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणीतरी फोटो काढला. आपल्याला वाटलं, संपलं. पोलिस नाही, शाळा नाही, आवाज नाही; आपल्या पद्धतीने, गोडीत मिटवलं. तू जाताना वाण म्हणून दिलेली वाटी विसरून गेलीस इतकी खुशीत होतीस.

त्यानंतर मिहीर काहीच सांगेनासा झाला. मी त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेतला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो गणवेश, बूट, दप्तर अशा सगळ्या तयारीनिशी न्हाणीघरात कडी लावून बसला. खाली व्हॅन हॉर्न वाजवून निघून गेली. मी दाराबाहेर फरशीवर बसले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. एकेक शब्द थांबत थांबत. "आई, मी तिळगूळ खाल्ला ना. सगळ्यांनी पाहिलं. आता सांगितलं तर मीच वाईट."

मी विचारलं, तेजस अजूनही करतो?

"नाही. तो नाही करत. दुसरे करतात. तो खिडकीतून बाहेर बघतो."

मी विचारलं, रोज? रोज म्हणजे आठवड्यातून किती वेळा? त्याने आतून नळ सोडला. संध्याकाळी हे तुला सांगितलं तेव्हा तू माझ्यावर पहिल्यांदा चिडलीस. "लेकरू मोजून रडत नसते वं." तेजस आता त्रास देत नाही हे ऐकून तुला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट तू पहिल्या वेळेपेक्षा जास्त खचलीस. "कडी धरत होता तेव्हा निदान मले दिसत होतं काय सुधरवायचं ते," तू म्हणालीस. "आता बाहेर पाहून राहिला. आपणच शिकवलं त्याले, तोंड गोड केलं की काम झालं." आणि तिथेच बसल्या बसल्या फोटो पुसलास.

मिहीर पुढचे काही दिवस शाळेत गेला नाही. शाळा सोडायची, दुसरीकडे घालायचं, असं आमच्या घरात बोलणं सुरू झालं होतं. नवऱ्याने दोन शाळांत चौकशीही केली. तू एवढंच म्हणालीस, "रविवारपर्यंत थांब. मग जे करायचं ते कर." आज मी ज्यासाठी तुझे आभार मानते ते मुख्यतः तो रविवार.

तू व्हॅनमधली सगळी मुलं आणि त्यांचे आईवडील तुझ्या घराच्या गच्चीवर बोलावलेस, तर्री-पोह्याला. व्हॅनवाल्या काकांनाही. लोकांना वाटलं वाढदिवस आहे. पोहे झाले आणि तू प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडल्यास, पुढे एक बाक ठेवलास, आणि मुलांना म्हणालीस, "ही आपली व्हॅन. कोण कुठं बसते ते बसून दाखवा." मुलं हसत हसत बसली. मिहीर बाकावर बसला, कारण ड्रायव्हरच्या पाठीला टेकवलेली ती उलट्या तोंडाने बसायची पाटी लहानांची, असा त्या व्हॅनचा रिवाजच होता. मग तू मुलांना उठवलंस आणि त्यांच्या जागी त्यांच्या आईवडिलांना बसवलंस. मी मिहीरच्या जागेवर. समोर सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे, आणि मागे सरकायला जागा नाही. खरं सांगते, नुसतं बसूनच मला तिथून उठावंसं वाटलं.

कोणी काय केलं हे तू कुणालाच विचारलं नाहीस. तू एकेका मुलाला विचारलंस, "तुह्या जागेवरून काय दिसते?" खिडकीजवळच्या मुलीने, ती सातवीत होती, सांगितलं, "मिहीर दिसतो. पण मी बाहेर बघते."

"काहून?"

"मग माझ्यावर येते ना, काकू."

तेजस भिंतीला टेकून उभा होता. तुझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मी पण."

मागच्या सीटवरच्या एका मुलाची आई म्हणाली, मुलं आहेत, मस्करी चालायचीच. तिच्या प्लेटमध्ये तू आणखी पोहे वाढलेस आणि म्हणालीस, "मस्करीत दोघं हसतात, ताई. इथं एक हसून नाही राहिला."

मग जे ठरलं ते इतकं साधं होतं की मला ते पुरेसं वाटलं नव्हतं. जागा दर आठवड्याला फिरत्या. पाटीवर प्रत्येकाने बसायचं, दहावीच्या मुलानेही. त्याचं वेळापत्रक करायचं काम तू माझ्याकडे दिलंस, "हे तुह्या डोक्याचं काम आहे" म्हणून. दार फक्त काका उघडतील. आणि कुणाला कुणी छळताना दिसलं तर बाकीच्यांनी मधे पडायचं नाही, भांडायचं नाही, फक्त म्हणायचं, "काका, थांबवा." काका गाडी बाजूला घेऊन थांबतील. गप्प झालं की निघतील. सगळ्यांनाच उशीर. काका म्हणाले, "थांबवतो ना जी. मले काय, मी खर्रा खाऊन घेईन." त्यांच्या तंबाखूच्या पुडीवर सगळे हसले. त्या हसण्यात मिहीर होता. मी पाहिलं.

मुख्याध्यापिकांकडे आपण गेलो ते त्यानंतर. त्या म्हणाल्या, व्हॅन खाजगी आहे, फाटकाबाहेरचं आमच्याकडे येत नाही. तू म्हणालीस, "मॅडम, अंगावर गणवेश तर तुमचाच राहते ना?" त्या चिडतील असं मला वाटलं. त्या थोडा वेळ खिडकीबाहेरच्या व्हॅनच्या रांगेकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, बसा. पुढच्या महिन्यापासून सुटीच्या वेळी एक शिक्षिका त्या रांगेत उभी राहू लागली. ती आजही असते, आणि आपण दोघी तिथे का गेलो होतो हे आता शाळेत कुणाला माहीत नाही.

"काका, थांबवा" पहिल्यांदा त्या खिडकीतल्या मुलीने म्हटलं. दुसऱ्यांदा तेजसने. हे मिहीरने मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना तो बूट न काढता सोफ्यावर बसला होता आणि मी त्याला रागावले नाही.

तो त्या शाळेतच राहिला. आज तो दहावीत आहे. अजूनही अडखळतो. आमच्या भाषणोपचारवाल्या मॅडमनी सांगितलं होतं की त्याचा शब्द कुणी पुरा करून देऊ नका, थांबा. इतर सगळ्यांना मला हे पुनःपुन्हा सांगावं लागलं. तुला एकदाच. तुझ्याकडे तो "क... क..." करत उभा राहिला की तू हातातलं काम चालू ठेवायचीस, जणू काही घडतच नाही आहे, आणि "काकू" पूर्ण झाल्यावर म्हणायचीस, "बोल राजा."

आपलं एक भांडण मात्र राहिलं. तू गेलीस म्हणून ते सुटलं असं मी मानत नाही.

माझं म्हणणं असं होतं की तेजसने मिहीरची माफी मागायला हवी. व्हॅन सुधारली, जागा बदलल्या, सगळं खरं. पण ज्याचं नुकसान झालं त्याला त्याचं काही मिळालं का? माझ्या मुलाला ते शब्द ऐकायचा हक्क होता. तू म्हणायचीस, "एकदा सगळ्यांसमोर गोड बोलायले लावलं, काय झालं ते पाहिलं ना? मागायले लावलेली माफी म्हणजे तोच तिळगूळ. मी त्याले सांगणार नाही. त्याच्या तोंडून आली तर येईन."

"आणि नाही आली तर?"

"तर मी चुकली."

हे आपण किती वर्षं बोललो. भाजी घेताना बोललो, तुझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात बसून बोललो. मधल्या काळात मुलं आपापली मोठी होत होती. तेजसचा दहावीचा, व्हॅनचा शेवटचा दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी तो मनीषनगरला न जाता मिहीरबरोबर आमच्याकडेच उतरला. फाटकाशी दोघं उभे दिसले. मी विचारलं, काय रे, इकडे कसा? "काही नाही काकू, असंच." मी दोघांना लिंबूसरबत दिलं आणि तुला फोन केला की तुझा मुलगा न सांगता इथे उतरला आहे, शिस्त लाव. तू म्हणालीस, "भूक लागली असन. काही खायले दे आणि पाठव." मी चिवडा दिला.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुला बोलायला त्रास व्हायचा. त्या दिवशी मी मोसंब्याचा रस घेऊन आले होते. तू म्हणालीस, "अजून बाकी आहे का वं, तुह्या हिशोबात? तेजसचं?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण आपल्या दोघींची तशी पद्धत नव्हती. मी म्हटलं, "आहे." तू हसलीस. नळीमुळे नीट हसता आलं नाही, पण हसलीस. म्हणालीस, "बरं. ठेव बाकी."

आता निरोप.

तेरवीची पंगत उठल्यावर मिहीर दिसेना. गच्चीवर गेले तर तो आणि तेजस कठड्याला टेकून उभे होते. मी तशीच खाली आले. घरी परतताना मिहीर माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "आई, तेजसदादाने तुला एक सांगायला सांगितलंय." सिग्नल सुटला. मी गाडी पुढे नेऊन रस्त्याच्या कडेला लावली आणि थांबले. त्याच्या शब्दांसाठी थांबायची मला आता सवय आहे.

"त्याने मला सॉरी म्हटलेलं आहे. केव्हाचंच."

"केव्हा?"

"त्याच्या व्हॅनच्या शेवटच्या दिवशी. आपल्या गेटपाशी. तो म्हणाला, तेव्हाचं माझं चुकलं, दाराचं. मग म्हणाला, आता तू मला विचार, कुठं उतरायचं. मी विचारलं. तो म्हणाला, मनीषनगर. मी म्हटलं, मग इथं कशाला उतरलास? मग आम्ही हसलो. तेवढ्यात तू सरबत घेऊन आलीस."

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं? काकूला का नाही?

"तोच म्हणाला, आयांना सांगू नको. त्या परत सगळ्यांना बोलावतील आणि फोटो काढतील."

रस्त्याच्या कडेला मी हसले आणि मग मला हसणं थांबवता आलं नाही, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मिहीर उतरून माझ्यासमोर उभा राहिला. त्याला आणखी एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते त्याला फार जड गेलं. तेजस त्याला गच्चीवर म्हणाला होता, "आईले सांगायचं राहून गेलं. मले वाटायचं, सांगू कधीतरी. तू तुझ्या आईले सांग. ती अजून माझ्या आईशी मनातल्या मनात भांडत असन. ती सांगन तिले."

पोराने बरोबर ओळखलं. मी भांडतच होते. स्वयंपाक करताना, ऑफिसला जाताना, तुझ्या फोटोसमोर जेवतानासुद्धा.

तुझ्या घरी जाऊन फोटो बदला असं सांगायचं मी ठरवलं होतं. आता नाही सांगणार. त्या फोटोत तू इतकी खुश आहेस, ती उगाच नाही. ज्या गोष्टीसाठी खुश होतीस ती झाली, फक्त त्या दिवशी झाली नाही, आणि आपल्या समोर झाली नाही. माझी चार बोटं तुझ्या खांद्यावर आहेत. राहू देत.

दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा काही बाकी नव्हतं, सुनंदा. माझ्याच फाटकाशी सगळं फिटलं होतं आणि मी त्यांना चिवडा देऊन आत निघून गेले होते. मला ठाऊक असतं तर तुला त्या दिवशीच सांगितलं असतं. आज सांगते.

नाही चुकली वं तू.